तिसरी हाक

भोसरीच्या शेतकरी घरातला भिमाजी छप्पन साली फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकू लागला, तेव्हा आईनं एवढंच बजावलं, "तिसरी हाक आल्याबिगर वळायचं न्हाई, बाबा." एकदोनदाच हाक मारतं ते माणूस नसतं, हे त्यांच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक. बी. एस्सी. झालेला भिमाजी यावर हसायचा. पाळायचा मात्र निमूट.

त्या सकाळी ढग खाली उतरले होते. पुढच्या खुर्चीत शिक्षक दौलतराव, मागे भिमाजी आणि दोघांमध्ये बोलायची रबरी नळी. नियम साधा होता: ढगात शिरलं की उंची-दिशा दाखवणाऱ्या काट्यांवर नजर ठेवून हजार फुटांपर्यंत सरळ चढायचं, मगच डावीकडे वळायचं. डावीकडे टेकडी होती. गेल्या पावसाळ्यात क्लबातला रघुवीर लवकर वळला आणि तिथेच आदळून मेला.

काटा पाचशेवर असताना कानात आवाज आला, "वळ, भिमाजी." थोड्या वेळानं पुन्हा, अगदी जिव्हाळ्यानं, "वळ की, राव." तो सरळ चढत राहिला.

उतरल्यावर तो चिडूनच म्हणाला, "सर, दोनदा 'वळ' म्हणालात! टेकडीवर घालत होतात की!"

"मी? अरे, नळी तर उडतानाच निसटली होती." दौलतरावांनी सुटलेलं टोक दाखवलं. मग म्हणाले, "काट्यांवर विश्वास ठेवलास, ते बरं केलंस."

"काट्यांवर कुठला, सर," भिमाजी पांढराफटक पडला होता. "मी तिसऱ्या हाकेची वाट बघत होतो."