रेवताबाईची सही

ढिवरटोलीत, म्हणजे गावच्या मासेमारांच्या वस्तीत, वर्तमानपत्र येत नव्हतं, आणि आलं असतं तरी गोमाजी सोडून ते वाचणारं कोणी नव्हतं. गावात रेडिओ एक होता, तो सरपंच केशवरावाच्या ओसरीवर, आणि टोलीतला माणूस त्या ओसरीची पायरी चढत नसे. त्यामुळे ग्रामपंचायतीत काय चाललंय हे टोलीला कळायचं ते रेवताबाईच्या तोंडून. महिन्याची सभा झाली की त्याच संध्याकाळी ती तलावाच्या पाळीवर येऊन बसायची. जाळी विणणारे बाप्ये, भांडी घासून आलेल्या बाया, सगळे तिच्याभोवती जमायचे.

लाखनीपासून दोन कोस आत असलेल्या त्या गावात ती पंच्याहत्तर साली पंचायतीची मेंबर झाली. झाली म्हणजे केली गेली. एक बाई घ्यावीच लागत होती, आणि मोठ्या घरच्या बायांनी सभेत पुरुषांसमोर बसावं हे त्यांच्या घरच्यांना चालणार नव्हतं. केशवरावानं विचार केला, टोलीतली एखादी घेऊ, ती बिचारी काय बोलणार. इथे त्याचा अंदाज साफ चुकला. रेवताबाई तुलाराम वलथरे लाखनीच्या बाजारात वीस वर्षं मासोळी विकत होती. तिच्याशी घासाघीस करायला गेलेलं गिऱ्हाईक शेवटी मासोळी घेऊन आणि माफी मागून परत जायचं.

तिला अक्षर येत नव्हतं, पण डोकं असं होतं की सभेतले पंधरा विषय ती ओळीनं सांगायची, आणि कोणत्या विषयाला कोण जांभई देत होतं तेही.

"पयला इषय बोरिंगचा," ती सांगायची. "बोरिंग आपल्या टोलीत होते, पण मिस्त्री पोळा झाल्यावर येते म्हणते. दुसरा घासलेटचा. या खेपेले दुकान बुधवारी उघडणार हाय, मंगळवारी जाऊन उभे राहू नका. तिसरा देवीच्या लशीचा. नर्सबाई शाळेत येऊन राहिली, लेकरं लपवू नका, मले बोलणं बसते."

लोक हसायचे आणि ऐकायचे. बुधवारी दुकान उघडायचं. नर्सबाई यायची. एकदाही तिचं सांगणं खोटं ठरलं नव्हतं, आणि टोलीत तिची जी काही पत होती ती एवढ्यावरच होती.

ठरावाच्या वहीवर ती अंगठा लावायची. आता अंगठ्याचं असं होतं की, अंगठा लावणाऱ्याला मजकूर वाचून दाखवावा लागे, आणि 'वाचून दाखवले' असं लिहून एका साक्षर माणसानं खाली सही करायची असे. रेवताबाईसाठी हा माणूस म्हणजे गोमाजी. चौथी पास, एका पायानं अधू, जाळी सांधून पोट भरणारा. सभेच्या दिवशी तो पंचायतीच्या दाराशी येऊन बसायचा, दोरा बांधलेला चष्मा नाकावर चढवायचा आणि ठराव पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायचा. ग्रामसेवक चुळबुळ करायचा, मेंबरांचा चहा निवायचा, पण गोमाजी एक ओळ सोडायचा नाही.

एकदा तो वाचता वाचता थांबला. "बाई, बोरिंग टोलीत म्हणून ठरलं ना? इथं तर मंदिराजवळ लिवलं हाय."

केशवराव हसला, म्हणाला, "घाईघाईत होते असं," आणि ग्रामसेवकाला ओळ खोडून नवी लिहायला लावली. बोरिंग टोलीतच झालं. रेवताबाईनं त्या संध्याकाळी पाळीवर गोमाजीचं कौतुक केलं, पण केशवरावाचं जास्त केलं, की बघा, मोठा माणूस असून चूक लगेच कबूल केली. भोळेपणालाही काही हद्द असते, पण ती आपल्याला बाहेरून दिसते.

एकोणऐंशी साली शाळेत प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. केशवराव स्वतः टोलीत आला, तुलारामच्या अंगणात खाटेवर बसला, पाणीसुद्धा प्यायला. "रेवताबाई," तो म्हणाला, "तुमी पंचायतीच्या मेंबर. तुमी अंगठा लावता तं मले लाज वाटते. माही बहीण असती तं मी तिले अंगठा लावू देल्लं असतं का? सही मी शिकवतो तुमाले."

आणि त्यानं खरंच शिकवलं. मास्तर बाकीच्यांना ग-म-भ-न गिरवायला लावत असताना केशवराव रोज अर्धा तास तिच्यासमोर बसायचा, पाटीवर तिचं नाव लिहायचा, ती त्यावरून पेन्सिल फिरवायची. चुकली की पुसून पुन्हा लिहून द्यायचा, कधी चिडला नाही. रेवताबाईच्या बापानं तिला जाळं फेकायला शिकवलं होतं ते ओरडून. नवऱ्यानं तर काहीच शिकवलं नव्हतं. तिच्यासाठी अर्धा तास काढणारा केशवराव हा तिच्या आयुष्यातला पहिला माणूस. त्या वर्षी राखीला तिनं त्याच्या घरी राखी नेली आणि पायरी चढून ओसरीवर गेली. ओसरीवरचा तो रेडिओ तिनं त्या दिवशी जवळून पाहिला.

भाताची रोवणी लागली तसा वर्ग बंद पडला, तो पुन्हा उघडलाच नाही. तोवर रेवताबाईला आपलं पूर्ण नाव लिहिता येऊ लागलं होतं. तेवढंच. 'घासलेट' असं समोर लिहिलं असतं तरी तिला ते वाचता आलं नसतं. पण सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली काळा फळा ठेवला गेला, पंचायत समितीचे पाहुणे आले, आणि सगळ्या गावासमोर तिनं खडूनं सही केली. टाळ्या वाजल्या. तिला लुगडं आणि नारळ मिळाला. टोलीतल्या बायांनी पदरानं डोळे पुसले, की आपली रेवता शिकली.

पुढच्या सभेला गोमाजी नेहमीसारखा दाराशी आला, तर ग्रामसेवक म्हणाला, "आता तुमचं काम नाही जी. बाई सही करतात."

गोमाजीनं तिच्याकडे पाहिलं. "म्या वाचून द्यू का, रेवता? नुसतं वाचून?"

"कायले?" ती म्हणाली. "जाय ना घरी. भाऊ वाचून दाखवतेतच."

तिला वाटलं, म्हाताऱ्याचा मान गेला म्हणून तो कुरकुरतोय. गोमाजी काठी टेकत निघून गेला आणि पुन्हा सभेला आला नाही. पुढे एखादी बाई मुलाचं पत्र घेऊन आली की रेवताबाई म्हणायची, डोळे चुरचुरून राहिले माय, गोमाजीकडे ने. हे ती वर्षानुवर्षं म्हणत राहिली. सही येते पण वाचता येत नाही हे ती कुणाला सांगू शकली नाही, कारण ते लुगडं, त्या टाळ्या, बायांचे ओले डोळे सगळं तिनं घेतलं होतं.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये गावतलावाचा विषय आला. तलावातल्या मासोळीचा हक्क पुढच्या पाच वर्षांसाठी कुणाला द्यायचा? टोलीच्या दृष्टीनं यापेक्षा मोठा विषय नव्हता. तलाव नसेल तर टोलीनं दुसऱ्याच्या भाताच्या बांधीत राबायला जायचं, एवढाच त्याचा अर्थ. सभेत केशवराव उभा राहिला आणि वही हातात धरून वाचता झाला, की सदर तलाव ढिवरटोलीच्या मच्छीमार सोसायटीला पाच वर्षांसाठी देण्यात यावा. रेवताबाईचे डोळे भरून आले. तिनं सही केली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा सावकाश केली, अक्षर चांगलं यावं म्हणून.

पाळीवर तिनं तो विषय सगळ्यात शेवटी सांगितला. "तलाव आपला झाला. पाच वर्स."

सोसायटीचा कागद मागायला माणसं गेली तेव्हा केशवराव म्हणाला, वरून यायचा आहे, येईल. रेवताबाईचा शब्द होता, मग कागदाची घाई कुणाला? पावसाळ्यात टोलीनं सरकारी केंद्रातून मासोळीचं बीज आणलं. बाया-बाप्यांनी डोक्यावरून हंडे वाहिले, पाणी डचमळू नये म्हणून वाटेत कुठे टेकले नाहीत. थंडीभर पाळीपाळीनं राखण केली. कोणी गळसुद्धा टाकला नाही, वाढू दे म्हणून.

फाल्गुनात एका सकाळी लाखनीचा व्यापारी बाबूलाल जीप घेऊन पाळीवर आला. केशवरावाचा साळा. सोबत परक्या गावचे जाळेवाले आणि हातात पंचायतीच्या ठरावाची शिक्क्यासकट नक्कल. गोमाजीला बोलावलं. त्यानं चष्मा लावला आणि वाचलं, नेहमीसारखं पहिल्या शब्दापासून. ढिवरटोलीच्या सोसायटीने तलाव घेण्यास असमर्थता कळविल्याने सदर तलाव श्री. बाबूलाल यांस पाच वर्षांसाठी देण्यात यावा. सूचक, श्रीमती रेवताबाई तुलाराम वलथरे. सही.

गोमाजीनं कागद खाली केला. टोली रेवताबाईकडे बघत होती. तलावात जाळी पडत होती.

ती तशीच केशवरावाच्या घरी गेली. तो ओसरीवर चहा पीत होता. ती पायरी चढली नाही. "भाऊ, तुमी वाचलं एक अन् लिवलं दुसरंच. काहून केलं असं?"

"मी काय वाचलं ते कोणाच्या ध्यानात हाय बाई?" केशवराव शांतपणे म्हणाला. "तुमची सही हाय. वाचूनच केली असंल."

"मले वाचता येत नाही हे तुमाले मालूम हाय."

"कोण म्हणते? सव्वीस जानेवारीले साऱ्या गावानं पायलं."

अंगणात उभ्या उभ्याच तिला ते कळलं. तीन महिने रोज अर्धा तास तो फक्त नावावरच का थांबला होता, मास्तरानं तिला पुढची अक्षरं द्यायला घेतली की 'असू द्या, असू द्या' का म्हणत होता. गोमाजीला दारातून उठवायला एवढीशी सही पुरेशी होती. तिच्या मनात माया होती ती पाटीसमोरच्या त्या अर्ध्या तासाची, आणि तो अर्धा तास त्यानं काढला होता तो तिला विकण्यासाठी. तिला रडू आलं नाही. तिला त्या राखीची किळस आली.

टोलीनं अर्ज केला, गोमाजीनं लिहिला. उन्हाळ्यात पंचायत समितीचे साहेब चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खुर्ची मागवून रेवताबाईला बसायला लावलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला वाचता येतं का?"

खोलीत केशवराव होता, सगळे मेंबर होते, दारात निम्मी टोली उभी होती. जी गोष्ट तिनं चार वर्षं दडवली, ती तिला त्या सगळ्यांसमोर सांगायची होती. तिनं सांगितली. "नाही जी. निस्तं नाव लिवता येते. बाकी काई नाही येत."

साहेबांनी तिचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला. बरोबर होता. ती उठली आणि अंगठा पुढे केला.

"साहेब," ग्रामसेवक मधेच म्हणाला, "बाई सही करतात," आणि त्यानं ठरावाची वही उघडून चार वर्षांची पानं त्यांच्यासमोर उलटली. प्रत्येक पानावर रेवताबाईची सही, मागच्या पानापेक्षा पुढच्या पानावर जास्त वळणदार.

"मग सहीच करावी लागेल," साहेब म्हणाले. "सही करणाऱ्याचा अंगठा कसा घेणार?"

तिनं पेन घेतलं. हात मुद्दाम वाकडा करावा असं क्षणभर मनात आलं, पण हाताला आता वाकडं येईना. 'मला वाचता येत नाही' या वाक्याखाली तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, काने-मात्रे जागच्या जागी. साहेबांनी ते पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि बारीकसं हसले. पंधरा दिवसांनी त्यांचा अहवाल आला, की सदस्या साक्षर असून तक्रारीत तथ्य आढळत नाही.

त्या संध्याकाळी ती पाळीवर गेली. न जाण्याचा विचार केला होता, पण बातमी पंचायतीची होती आणि ती सांगणं तिच्याकडे होतं. लोक जमले. बाबूलालचे जाळेवाले पलीकडच्या काठाला टोपल्या भरत होते. तिनं सगळं ओळीनं सांगितलं, काही गाळलं नाही. केशवराव कसा वागला, साहेब कसे हसले, अहवालात काय लिहिलंय. शेवटी म्हणाली, "त्यानं मले फसवलं. बहीण म्हणून फसवलं."

पहिल्यांदा बायाबाई बोलली. ती रेवताबाईची धाकटी जाऊ, दोघींनी बरोबरीनं हंडे वाहिले होते. ती रागानं बोलली नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"केशवरावले मालूम होतं तुले वाचता येत नाही. मंग आमाले काहून नाही सांगतलं वं, बाई? आमी सांगतलं असतं ना गोमाजीले, की बस दाराशी."

"लाज वाटली," रेवताबाई म्हणाली.

"आमची?"

बायाबाई लुगड्याची माती झटकून उठली आणि घराकडे चालू लागली. तिच्यामागून एकेक करून बाकीचेही उठले. पुढच्या महिन्यात सभा झाली. रेवताबाई पाळीवर येऊन बसली तेव्हा तिथे फक्त गोमाजी होता, आणि तो जाळं सांधत होता.