चाक वाजवणाऱ्याचे कान

आमचे हे कल्याणच्या स्टेशनात चाकं वाजवायच्या कामावर होते. हे काम म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की तो माणूस हातोडी घेऊन गाडीला उगीच ठोके मारत फिरतो. घाट उतरून आलेल्या गाडीची चाकं ब्रेक घासून घासून तापलेली असतात. तापलं की चाकावरची लोखंडी धाव सैल होते, कधी तिला तडा जातो, आणि तो तडा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लांब दांड्याच्या हातोडीनं प्रत्येक चाकावर टोला घालायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. खणखणीत वाजलं की मोठ्यानं "ठीक" म्हणायचं आणि पुढच्या चाकाशी जायचं. बद्द वाजलं की गाडी जागची हलवायची नाही, तो डबा सोडवून बाजूला काढायचा. आत खुद्द लाटसाहेब बसलेला असला तरी त्याला खाली उतरवायचं, असा सक्त नियम होता. दुसरा नियम असा, की वाजवणाऱ्याचे कान दरवर्षी तपासायचे. कान गेले की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर रेल्वेच्या चाळीतली खोलीही गेली.

ह्यांचं घराणं कळव्याच्या मिठागरातलं. सासरे, चुलतसासरे, सगळे खाऱ्या पाण्यात पाय सडवून मेले. हे त्यातून सुटले ते कानांच्या जोरावर. त्या कानांचा त्यांना एवढा गर्व, की घरात दुसऱ्या कुणाला कान आहेत हेच त्यांना मान्य नव्हतं. माझं माहेर ठाण्याचं. वडील मुलींच्या शाळेत शिपाई होते, त्यामुळे दाराशी बसून बसून मला चार अक्षरं आली. ती ह्यांच्या डोळ्यांत सलत.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कुंभारवाड्यातून पाण्याचं मडकं आणलं. ह्यांनी ते बोटाच्या पेरानं वाजवलं, उचललं आणि माझ्या पायांशी आपटलं.

"बद्द आहे. कान आहेत की नुसती भोकं?"

खापरी माझ्या घोट्यात घुसली, तिचा वण अजून आहे. ते मडकं चांगलं खणखणीत होतं, हे मी आजही सांगेन. त्यानंतर मडकं आणायला हे स्वतः जाऊ लागले, आणि चाळीत कुणाकडेही बसले की म्हणत, "आमच्या हिला देवानं कान दिलेच नाहीत." लोक हसत. पदर तोंडाला लावून मीही हसत असे. हसले नाही तर घरी आल्यावर काय होतं ते मला ठाऊक होतं.

अशी वर्षं गेली. पोटी एकच मुलगी, ती लग्नाला आली. त्या उन्हाळ्यात हे नेहमीसारखे कुंभारवाड्यातून मडकं घेऊन आले, माझ्यादेखत त्याच्यावर टिचकी मारली आणि समाधानानं मान डोलावली. मडकं बद्द वाजलं होतं. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. मी गुपचूप त्यात पाणी भरलं. सकाळी खाली थारोळं साचलेलं. ते पुसून काढलं, मडक्याला बाहेरून मेण चोपडलं आणि पुन्हा पाणी भरून ठेवलं.

दुपारी हे पान लावत बसले होते. मी मागे उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "मेल्या." हे चुना लावत राहिले. मी जरा मोठ्यानं म्हटलं. सुपारी कातरायचे ते थांबले नाहीत.

मला आनंद झाला. एवढा आनंद मला मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता. त्या दिवसापासून चूल फुंकताना, भाकरी थापताना, ह्यांच्या पाठीला मी सगळं ऐकवू लागले. जे जे इतकी वर्षं गिळलं होतं, ते एकेक करून बाहेर काढलं. मुलगी आधी घाबरली, मग तिलाही हसू येऊ लागलं. समोरासमोर मात्र हे ओठांवरून बोलणं ओळखत. स्टेशनात कुणाला काही कळलं नाही. हातोडीचा दांडा हाताला झिणझिणतो, त्यावरून अंदाज बांधत असतील. टोला घालायचे आणि "ठीक" म्हणायचे. चाकं काही रोज फुटत नाहीत, असं मी म्हणे, आणि मला झोप लागे.

मग कानांच्या तपासणीचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी जेवता जेवता हे म्हणाले, "उद्या यार्डात भाकर घेऊन ये. कुंपणापाशी माझ्या समोर उभी राहा. बद्द वाजलं की डोक्यावरची टोपली खाली ठेव."

आपल्याला ऐकू येत नाही, हे शब्द काही त्यांच्या तोंडातून निघाले नाहीत.

"मला कशाला सांगता? मला कुठं कान आहेत?"

हे माझ्या ओठांकडे पाहत होते, त्यामुळे त्यांना बरोबर कळलं. मला वाटलं ताट अंगावर येईल. पण ते एवढंच म्हणाले, "पोरीला घेऊन मिठागरात जायचंय का?"

मुलीचं इगतपुरीला ठरत होतं. मुलाचा बापूस रेल्वेत होता, आणि मिठागरवाल्याची पोर त्यानं उंबऱ्याच्या आत घेतली नसती.

दुसऱ्या दिवशी यार्डात साहेबानं सुटी चाकं ओळीनं उभी करून ठेवली होती. ह्यांना चाकांकडे पाठ करून उभं केलं. समोर कुंपण, कुंपणापलीकडे मी. एक माणूस मागे एकेक चाक वाजवत गेला. बद्द वाजलं तशी मी टोपली खाली ठेवली. ह्यांनी हात वर केला. साहेबानं पाठ थोपटली आणि बाकीच्यांना सांगितलं की कान असावे तर असे. घरी आल्यावर हे मला म्हणाले, "टोपली ठेवायला उशीर केलास. तू म्हणजे ना."

मुलीचं लग्न झालं. पाठवणीच्या दिवशी ह्यांनी हट्टानं ड्यूटी मागून घेतली. माझ्या पोरीच्या गाडीची चाकं मीच वाजवणार, असं सगळ्या चाळीला सांगितलं. नवा फेटा बांधला. मुलगी डब्यात बसली. शेजारी तिची आतेसासू, मांडीवर ओटीचा नारळ. मी खिडकीशी उभी. हे गाडीच्या पुढून वाजवत वाजवत आले. टोला, ठीक. टोला, ठीक. मुलीच्या खिडकीखाली आले तेव्हा वर बघून हसलेसुद्धा. मग टोला घातला.

बद्द.

"ठीक," म्हणाले आणि पुढे गेले.

त्या घडीला माझ्या मनात फक्त माझी पोर होती. मी हलक्या आवाजात तिला म्हटलं, "उतर खाली." तिनंही आवाज ऐकला होता, तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण आतेसासूनं तिचा हात घट्ट धरला.

"आईचं असंच असतं, विहीणबाई. पाठवणीला सगळ्याच रडतात. आता उतरवलीत तर मुहूर्त टळेल."

"पुढच्या डब्यात तरी बसा."

"का म्हणून? इथं काय काटे आहेत?"

खरं कारण सांगितलं असतं तर पोरीचा बाप बहिरा हे इगतपुरीपर्यंत पोचलं असतं. न सांगावं तर पोर घाट चढायला निघालेली. गार्डानं हिरवं निशाण काढलं. तेव्हा मी ओरडले. चाक फुटलंय, गाडी थांबवा, असं बेंबीच्या देठापासून ओरडले.

सगळा फलाट माझ्याकडे वळला. हमाल वळले, गार्ड वळला, डब्यांतून डोकी बाहेर आली. आणि त्या सगळ्या माणसांत एक फेटा तेवढा वळला नाही. तो दोन डबे पुढे वाकून टोला घालत होता. टोला, ठीक.

कान तपासणारा साहेब धावत आला, पण त्यानं चाकाकडे पाहिलंच नाही. तो ह्यांच्याकडे पाहत राहिला. मग चालत चालत त्यांच्या मागे गेला आणि नावानं हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं मारली की म्हातारी आतेसासू दचकली. हे पुढच्या चाकाशी गेले. साहेबानं त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली तेव्हा हे वळले, आणि सगळा फलाट आपल्याकडे का बघतोय ते त्यांना समजेना. ते हसून "ठीक" म्हणाले. तेव्हा लोक हसू लागले. लोकांबरोबर हसायची सवय मला जुनी होती, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही.

डबा काढला. मुलगी दुसऱ्या डब्यातून त्याच गाडीनं गेली. बापाला साहेबानं आपल्या खोलीत बसवून ठेवलं होतं, त्यामुळे त्याचा निरोप राहिला. वर्षभर तिला माहेरी पाठवलं नाही, आणि पुढेही बहिऱ्याची मुलगी म्हणूनच तिचा उद्धार होत राहिला.

महिना संपायच्या आत खोली सोडली. मी भांडी बांधत होते तेव्हा शेजारची, फाटकवाल्याची बायको, दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं निरोप द्यायला आली.

"माझा भाऊस दिवाळीत गाडीत बसून ह्याच घाटानं गेला," ती म्हणाली. "माझी आयसपण त्याच गाडीनं गेली. चाकं ह्यांनीच वाजवलेली. तवा तुझं तोंड शिवलेलं होतं काय?"

मी भांडी बांधत राहिले.

आम्ही कळव्याला परत गेलो. हे बापाच्या मिठागरात उतरले आणि पहिल्याच मोसमात त्यांचे पाय फुटले. कान पुरते गेले. नजर अधू होत गेली तशी ओठांवरून ओळखणंही कमी झालं. आता ते मला मारत नसत. उलट कुठंही जायचं तर माझ्या पदराच्या आधारानं येत.

एकदा ठाण्याच्या बाजारात मडकं घ्यायला गेलो. ह्यांनी सवयीनं मडकं उचललं, वाजवायला बोट वाकवलं आणि तसंच थांबले. मग ते मडकं माझ्या हातात दिलं.

"तू वाजव," म्हणाले. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच म्हणाले.

मी वाजवलं. हे पुढे झुकून, डोळे बारीक करून माझ्या ओठांकडे बघत होते.

"कसं आहे गं?"

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि सांगितलं.