अण्णा हरवले ती दुपार

अण्णांना घेऊन मॉरिशसला जायचं हे माझ्या धाकट्या भावानं ठरवलं. तो ऑस्ट्रेलियात असतो. अण्णांना पाहून त्याला चार वर्षं झाली होती आणि लातूरपर्यंत येण्याएवढी रजा मिळत नव्हती. म्हणून दोघांना जमेल अशा ठिकाणी भेटू म्हणाला, आणि समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये आठ दिवसांसाठी अपार्टमेंट घेऊन मोकळा झाला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली, बरीच वर्षं उमरी-धर्माबादच्या गाडीवर. आई गेल्यावर मी त्यांना लातूरला माझ्याकडे आणलं. मी शाळेत शिकवते, एकटीच राहते. वर्षभरात त्यांचं विसरणं सुरू झालं, मग वाढतच गेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता यांची जागा बदलू नका. मी ते भावाला सांगितलं, पण जोर लावून सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाच जायचं होतं. दोन वर्षांत मी भाजी आणायलासुद्धा निवांत गेले नव्हते. भाऊ येईल, दोन दिवस तो अण्णांकडे बघेल आणि मी नुसती पडून राहीन, एवढंच डोक्यात होतं.

मुंबईच्या विमानतळावर त्याचा फोन आला. रजा अडली होती. तुम्ही पुढं व्हा ताई, मी दोन-तीन दिवसांत पोचतो, म्हणाला. तो शेवटपर्यंत आला नाही.

रिसॉर्टमध्ये सहा इमारती होत्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची दारं निळी, प्रत्येक दाराशी बोगनवेलीची तशीच कुंडी. पहिल्या दिवशी मीच दुसऱ्यांच्या दारात किल्ली फिरवत उभी होते. अण्णा सकाळी उठले की विचारायचे, हे कुणाचं घर, आपण कशाला आलो. सुट्टीवर आलोय म्हटलं की घाबरून डेपोत कळवलं का विचारायचे. कळवलंय म्हटलं की शांत व्हायचे. तासाभरानं पुन्हा तेच. बाहेर लख्ख ऊन असायचं, पोहायच्या हौदाभोवती लोक अंगाला तेल चोपडून पडलेले असायचे, आणि मी आत विजेच्या शेगडीवर ज्वारीची भाकरी भाजायची धडपड करत असायचे. ती धड फुगायची नाही. अण्णा ताट सरकवायचे.

दाराला आतून कुलूप नव्हतं. मी दारापुढं खुर्ची लावून ठेवायचे, सरकवली की आवाज यावा म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून झोपले आणि मीही आडवी झाले. जाग आली तेव्हा खुर्ची भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती आणि दार सताड उघडं होतं.

आधी मी सगळ्या इमारतींचे जिने पालथे घातले. मग हौद. मग फाटकावर गेले. तिथला वॉचमन माझ्या वयाचा होता, भोजपुरी वळणाचं हिंदी बोलायचा. त्याची ड्यूटी नुकतीच सुरू झाली होती, त्यानं कुणाला बाहेर जाताना पाहिलं नव्हतं. तो रस्त्याच्या बाजूला गेला, मी समुद्राकडं पळाले.

सुरूच्या झाडांपलीकडं, अगदी पाण्याजवळ, तपकिरी चपलांचा एक जोड होता. अण्णांच्या चपला तशाच. पुढं लांबपर्यंत नुसतं पाणी, त्यावर डोळे दिपवणारं ऊन, आणि कुणीही नाही.

मी ओरडले नाही. पाण्यात शिरले नाही. तिथंच वाळूवर बसले. संपलं, असं मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ अंग हलकं झालं. कितीतरी महिन्यांत खांदे असे सैल झाले नव्हते. घरी कुणाकुणाला कळवायचं हेसुद्धा मी मनात जुळवायला लागले होते. किती वेळ बसले ते सांगता येत नाही. मग एक गोरा माणूस पाण्यातून चालत आला, माझ्याकडं बघून हसला, चपला पायात सरकवून निघून गेला.

अण्णा कुठंतरी जिवंत होते आणि मी त्यांना मनानं पोचवून बसले होते. मी अनवाणी रस्त्यापर्यंत पळत गेले. तापलेल्या डांबरानं तळपाय भाजले, ते रात्री कळलं.

वॉचमन बस थांब्यावर उभा होता. तिथं अननस विकणाऱ्या बाईनं त्याला सांगितलं होतं की पांढरा पायजमा, टोपी घातलेले एक आजोबा बसमध्ये चढले. ती बस शेवटच्या गावाला जाऊन तासाभरात परत येते. तो म्हणाला, इथंच थांबा. मधे कुठं उतरले असतील तर, असं मी विचारलं. त्या बाईनं मला सावलीत बसवलं, अननसाची फोड हातात दिली. मी ती तशीच धरून बसले होते.

बस आली. दार उघडलं, आणि दारातच दांड्याला धरून अण्णा उभे होते. टोपी सरळ, गळ्यात कंडक्टरची कातडी बॅग. ज्या कंडक्टर बाईची ती बॅग, ती मागं आपल्या सीटवर बसलेली. तिनं मला हिंदीत सांगितलं की यांनी जाताना-येताना एकाही माणसाला तिकिटाशिवाय बसू दिलं नाही, मला बॅगेला हातही लावू दिला नाही. हे आपल्यातलेच, कंडक्टर आहेत, हे तिनं ओळखलं होतं, म्हणून उतरवलं नव्हतं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. किती दिवसांनी त्यांचे डोळे स्वच्छ होते.

"चढा बाई, मागं जागा हाय," ते म्हणाले. "कुठं जायचं?"

आयुष्यभर त्यांनी मला 'माय' म्हणून हाक मारली होती. अहोजाहो त्यांनी कधीच केलं नव्हतं.

"उमरी," मी म्हणाले.

"आरामात बसा. शेवटचा स्टॉप हाय."

मी चढले. वॉचमन बाहेर उभा राहिला, बस पुढच्या फेरीला लागली. उसाच्या शेतांमधून आम्ही त्या गावापर्यंत जाऊन परत आलो. उतरताना बॅग काढून घेतली तेव्हा अण्णा लहान मुलासारखे रडले.

उरलेले पाच दिवस मी दार बाहेरून बंद करायला लावलं. साफसफाईची बाई सकाळी उघडायची, जाताना पुन्हा किल्ली फिरवायची. भावाचा फोन आला की अण्णा मजेत आहेत, समुद्र फार छान आहे, असं सांगायचे. अण्णा काचेला कपाळ लावून उभे असायचे.

परत आल्यावर ते झपाट्यानं खचले. आता अंथरुणातच असतात, मला ओळखत नाहीत, बोलतही नाहीत. परवा भावाशी फोनवर बोलताना मी त्या चपलांचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान फोन तरी ठेवेल.

"ताई," तो म्हणाला, "तुझा फोन वाजला की उचलायच्या आधी मला दर वेळी वाटतं, अण्णा सुटले. आणि मग तू म्हणतेस, जेवले."

अण्णांना कूस बदलून द्यायची वेळ झाली होती, तेवढं सांगून मी फोन ठेवला.