जिन्यातली ती दुपार
भोपळा आणि ज्वारीच्या पिठाची बिस्किटं भाजल्याचा वास आला की मला हिमायतनगरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमधली ती दुपार आठवते. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मी ती बिस्किटं करायचे आणि सासूबाई नाक मुरडायच्या. कुत्र्याला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. त्या दिवशी ओव्हनमधून ट्रे बाहेर काढते न काढते तोच जिन्यातून त्याचं केकाटणं ऐकू आलं. मी धावले. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू त्याला लोखंडी सळईने झोडपत होता. ‘रोज रस्ते में पड़ा रहता, आज खतमच कर देतूं!’ तो ओरडत होता. पायऱ्यांवर रक्त सांडलं होतं. मी सळई धरायला गेले तर त्याने मला भिंतीवर ढकललं. तेवढ्यात सासूबाई फडक्यात धरलेला तो तापलेला ट्रे घेऊन आल्या आणि त्यांनी तो त्याच्या मनगटावर हाणला. बिस्किटं उधळली, सळई खणखणत खाली गेली. ‘अम्मा, पागल हो गए क्या?’ तो किंचाळला. ‘परत हात उचल, तोंड भाजते तुझं,’ त्या म्हणाल्या. तो मनगट दाबत वर पळाला. दवाखान्यात नेताना रिक्षातच, सासूबाईंच्या मांडीवर, कुत्र्याने जीव सोडला. त्यांनी पदर त्याच्यावर ओढला आणि कितीतरी वेळ त्या रिक्षातून उतरल्याच नाहीत. आता सासूबाईही नाहीत. नातेवाईक त्यांच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात तेव्हा मी मान डोलावते, पण मला दिसतो तो त्यांच्या हातातला तापलेला ट्रे आणि रिक्षात कुत्र्यावर ओढलेला पदर.