सुलूचा आठवडा

कुणावर काही लिहावं असा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. वडील गिरणीत, आई अंगठा उठवते. एक वाक्य लिहिलं की ते चुकलं तर नाही ना, म्हणून मी पुन्हा पुन्हा वाचत बसतो. पण बालवाडीच्या बाईंवर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून हे धाडस. वाचकांनी सांभाळून घ्यावं. साऱ्या जोगेश्वरीत मुलांना शिकवायचं सोडून मुलांकडूनच शिकत बसणारी बाई ती एकच, असं त्यांचे विरोधक म्हणत. मला वाटतं, त्यांचे मित्रही हेच म्हणाले असते.

बालवाडी भरायची बंद पडलेल्या तबेल्यात. म्हशी गेल्या तरी वास गेला नव्हता, आणि बाई तिथे इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून यायच्या. घरच्या बऱ्या, नवरा कचेरीत. पण मूल बालवाडीत यायच्या आधी बाई त्याच्या घरी जाऊन थेट चुलीपाशी बसत. कोळ्यांच्या घरी डोक्यावर बोंबील वाळत होते आणि या जन्माच्या शाकाहारी. डोळे मिटून चहा प्याल्या आणि "छान घर आहे हो," म्हणाल्या. मग सुरू व्हायचा 'नव्याचा आठवडा'. नवं मूल आलं की आठवडाभर सगळ्या वर्गाने त्याच्या घरच्यासारखं वागायचं. मद्रासी मुलगा आला तेव्हा दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी पडली आणि शेजारच्या कोंबड्यांनी ती टिपून खाल्ली. सिंधी मुलगी आली तेव्हा पाहुण्यासमोर आधी पापड ठेवायचं ठरलं. त्यानंतर पापड मिळाल्याशिवाय पोरं प्रार्थनेला उठेनात. रत्नागिरीकडचा मुसलमान मुलगा आला त्या आठवड्यात बालवाडीचे चिटणीस तपासणीला आले. सगळ्या वर्गाने हात कपाळाला लावून त्यांना एका सुरात सलाम ठोकला. चिटणिसांनी गोंधळून आधी टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"बाई, ही बालवाडी आहे की जत्रा?" ते म्हणाले.

"जत्राच," बाई म्हणाल्या. "जत्रेत मूल रडत नाही हो."

मी हे सगळं बघितलं ते माझ्या बहिणीमुळे. सुलू दोन वर्षांची असताना तापात तिचे पाय गेले. चार वर्षांची झाली तरी दोन्ही तळवे जमिनीला टेकून बसल्या बसल्या सरकायची. दुसऱ्या बालवाडीने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. बाई घरी आल्या तेव्हा आई हात जोडून म्हणाली, "माझ्या चेडवाक चलाक येणा नाय. तुमका त्रास होतलो."

"येत नाही ते राहू दे. येतं काय ते सांगा ना."

आई विचारात पडली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, "जमनीर बसान सागरगोटे बरे खेळता."

झालं. सोमवारी सुलूचा आठवडा लागला. फुगडी बसून, शिवाशिवी बसून, गाणी बसून. सगळा वर्ग तळव्यांवर सरकत तबेलाभर फिरू लागला, आणि या विद्येत सुलूचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी न्यायला गेलो तर बाई पातळ खोचून तिच्यामागे सरकत होत्या आणि ती ओरडत होती, "बाई, हळू किती गं तू!" मला बघून बाई धापा टाकत म्हणाल्या, "काय रे प्रोफेसर, बघतोस काय? बस खाली!"

पण एक गोष्ट सांगायची बाई विसरल्या. बालवाडी सुटल्यावर उठायचं असतं, हे. पोरं गल्लीतून सरकतच घरी गेली. संध्याकाळी चिटणिसांच्या दारात ही गर्दी! "माझा पोरगा उंबऱ्यातून सरपटत आला! म्हटलं, वाट लागली, ताप भरला!" "आणि चड्ड्या बघा ना याच्या!" बाई मनापासून माफी मागत होत्या, हसू मात्र त्यांना आवरत नव्हतं.

चिटणीस म्हणाले, "त्या मुलीला घरी ठेवा, सगळं सुरळीत होईल."

आता बाई हसायच्या थांबल्या. "आज हिला ठेवा, उद्या कोळ्याच्या मुलाला ठेवा, परवा मद्रास्याच्या. शेवटी मी एकटीच उरेन. मला एकटीला फुगडी येत नाही हो."

महिनाअखेरीला बाईंना जावं लागलं. नव्या बाईंनी बाकं आणली. सुलूला बाकावर चढता येईना, आणि ती घरी राहिली. आता ती आठ वर्षांची आहे. कॉलेजातून आलो की मी तिला शिकवतो. बेरीज येते, वाचते झकास. पण शेजारी बसायला मुलं मी कुठून आणू? सोमवार आला की अजून ती केस विंचरून दारात सागरगोटे मांडते. कुणाची वाट बघतेस, असं मी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकी गोवंडीला बहिणीकडे जाऊन आल्या. त्यांचा भाचा तिथल्या बालवाडीत जातो. ती आमच्या बाईंनीच उभी केली होती म्हणे. पुढे नवऱ्याची बदली झाली आणि त्या कुठल्या गावी गेल्या ते कुणाला ठाऊक नाही. काकी भाच्याला आणायला गेल्या तो सोमवार होता. सगळी मुलं धडधाकट, आणि सगळी जमिनीवर बसून शिवाशिवी खेळत होती. काकींनी तिथल्या तरुण बाईंना विचारलं, असं का?

त्या म्हणाल्या, "मलाही माहीत नाही हो. आधीच्या बाई सांगून गेल्यात, सोमवारी बसूनच खेळायचं. आपल्यातली एक मुलगी अजून यायची आहे."