तीन वर्षं विचारणारी शाळा

माझ्या मुलीला एका खाजगी शाळेने आठवीच्या शेवटी हाकललं. हाकललं हा माझा शब्द. प्रिन्सिपलच्या तोंडी 'सल्ला' होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, मुलगी गणितात कच्ची आहे, दहावीला आमच्याकडून बसली तर शाळेचा निकाल बिघडेल, तेव्हा आत्ताच टीसी घ्या. वर 'पास' असं लिहून देतो.

मी हैदराबादेत, काचीगुड्यात, जुन्या ऑफिस-फर्निचरचा धंदा करतो. बंद पडलेल्या ऑफिसांतली टेबलं, नामपल्लीचं नुमाइशचं मोठं प्रदर्शन उठलं की तिथल्या स्टॉलची कपाटं, जे मिळेल ते उचलायचं, नीट करायचं आणि विकायचं. माझी स्वतःची शाळा आठवीतच सुटली. तेव्हापासून मी घासाघीस करत आलो आहे. पण त्या खुर्चीत बसून मला घासाघीस करायला काही सापडेना. गणित शिकवायचं काम तुमचं होतं की माझं, असं मी ओरडून विचारलं. चपराशी आत आला. मी टीसी घेऊन बाहेर पडलो. त्या शाळेच्या बसवर पहिल्या नंबरांच्या मुलांचे मोठे फोटो असतात. ती बस आजही समोर आली की माझं डोकं तापतं.

आमचं घर मेट्रो संपते त्याच्याही पलीकडे. कॉलनीच्या मागे जिल्हा परिषदेचं हायस्कूल आहे. तिथे गवंड्यांची, वॉचमनची, ऑटोवाल्यांची मुलं जातात. आपण तिथून वर आलो, आता परत तिथे कशाला, असं मला वाटायचं. बायको म्हणाली, "अहो, आत जाऊन बघा तरी. फाटक उघडंच असतं."

मी रिकाम्या हाताने गेलो नाही. मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, तीस बेंच देतो, सागवानी. त्याबदल्यात मुलीला गणिताच्या चांगल्या सरांच्या वर्गात घाला, आणि नववीपासून तुमच्याकडे तो इलेक्ट्रॉनिक्सचा धंदेशिक्षणाचा तास आहे, त्यातून तिला सूट द्या. तेवढा वेळ ती गणित करेल.

बाई तेलुगू, पण माझ्याशी बोलल्या आपल्या हैदराबादी हिंदीत. "बेंचां रख दो सेठजी. शर्तां वापस ले जाओ."

"मॅडम, देणं-घेणं असतं."

"हौ, असतं ना. तुम्ही देताय, मी घेतेय."

बेंच आले. बाईंनी प्रत्येक बेंचवर स्वतः बसून पाहिलं आणि डुगडुगणारे दोन परत पाठवले. फुकट दिलेला माल परत आल्याचं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मुलगी आडनावाच्या अक्षराप्रमाणे ज्या वर्गात यायची त्याच वर्गात गेली, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या तासालाही बसली. ते मला अजून पचलेलं नाही.

महिन्याभरात कळलं की माझी नववीतली मुलगी रोज सकाळी पहिला तास सहावीत बसते. मी दुकान सोडून स्कूटरवरून थेट शाळेत गेलो. सहावीच्या खोलीत ती शेवटच्या बुटक्या बेंचवर गुडघे वर करून बसली होती आणि गणिताचे सर फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते.

दारातूनच मी सुरू झालो. "ही काय पद्धत आहे? पोरीची इज्जत काढायला पाठवली का मी इथे?"

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या बेंचवरची एक दोन वेण्यांची चिमुरडी वळून माझ्या मुलीला म्हणाली, "अक्का, ये तुम्हारे डॅडी हैं? भोत गरम हैं!"

वर्ग हसला. सरही हसले. माझी मुलगी उठून दारापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आवाज कमी करा ना. मला इथे कळतंय."

त्या खाजगी शाळेत इतकी वर्षं घालवून ती एकदाही 'कळतंय' म्हणाली नव्हती. सरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, हिचे अपूर्णांक पाचवीतच राहिलेत, आणि ते सोडून पुढचं शिकवणं म्हणजे पाया नसताना स्लॅब टाकणं. ज्याचं जे राहिलंय त्याने त्या वर्गात जाऊन बसायचं, ही इथली रीत. दहावीची मुलंसुद्धा बसतात. दिवाळीनंतर ती सहावीतून सातवीत गेली, आणि पुढच्या वर्षी त्याच बुटक्या बेंचपाशी उभी राहून बारक्या पोरांना शिकवू लागली. दहावीच्या वर्षी संध्याकाळी जादा वर्ग असायचे. तिथे उकडलेले चणे मिळायचे, आणि अंधार पडायच्या आत सर मुलींना कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचे.

ती पास झाली. गणितात तर चांगलीच. मार्कशीटची झेरॉक्स त्या प्रिन्सिपलकडे पाठवावी असं मनात आलं. बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली.

जुलैत सरांचा फोन आला. दहावीनंतर तीन वर्षं, दर जुलैला, शाळेतल्या शिक्षकांनी आपापल्या मुलांना फोन करून काय करतोस ते विचारून रजिस्टरात लिहायचं, अशी बाईंनी लावलेली शिस्त आहे. मी सांगितलं, "इंटरला घालतोय, एमपीसी. पुढे इंजिनिअरिंग." इंटर म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी, आणि एमपीसी म्हणजे गणित, फिजिक्स, केमिस्ट्री.

"मुलीला द्या."

"मी बाप आहे, मी सांगतोय ना."

"लिहायचं तिचं असतं, साब. फोन द्या."

मुलीने फोन घेतला आणि माझ्यासमोर सांगून टाकलं, पॉलिटेक्निकला नंबर लागलाय, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणार. त्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म शाळेने सगळ्यांकडून भरून घेतला होता. त्यावर माझी सही होती. माल उतरवण्याच्या गडबडीत मी ती न वाचता ठोकली होती. धंद्यात मी असं कधीच केलं नसतं.

मी शाळेत जाऊन बाईंच्या टेबलावर हात आपटला. तुमच्या त्या एका तासाने माझ्या पोरीचं डोकं फिरवलं, म्हणालो. बाईंनी कपाटातून ते जाड रजिस्टर काढलं आणि नावांवर तळहात ठेवून पानं माझ्यापुढे धरली. तेलुगू मी बसच्या पाट्यांवरून शिकलो, त्यामुळे हळू वाचतो. आयटीआय, फिटर. नर्सिंग, दुसरं वर्ष. लग्न झालं, सासरी बोलून ओपन स्कूलचा फॉर्म भरला. मोबाइल दुरुस्ती, स्वतःची टपरी. सापडला नाही, त्यापुढे लाल शाईत शोधायला जाणाऱ्या शिक्षकाचं नाव. एका पानावर होतं, 'वडिलांच्या हट्टाने इंटर. तीन महिन्यांत सोडलं. घरी बसून आहे.' पुढच्या जुलैलाही 'घरी बसून आहे.'

त्या खाजगी शाळेच्या बसवर फक्त पहिले आलेले असतात. इथे सगळे होते, बाईंना कमीपणा आणणारेसुद्धा.

"हे तुम्ही लोकांना दाखवता?" मी विचारलं.

"गरम होऊन येणाऱ्यांना दाखवते," बाई म्हणाल्या. "उद्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशासाठी सर्टिफिकेटं तपासायची आहेत. तिच्याबरोबर कोण जाणार?"

मीच गेलो. रांगेत मध्ये घुसणाऱ्या एकाशी भांडलोही. मुलीने मान दुसरीकडे फिरवून मला ओळखत नसल्यासारखं केलं, पण तिची फाइल वेळेत आत गेली.

दुसऱ्या जुलैचा फोन तिने स्वतःच घेतला. यंदाचा तिसरा होता. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे, दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा महिन्यांचं ट्रेनिंग मिळालंय. ती सरांना सर्किटबद्दल काहीबाही सांगत होती, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. बोलून झाल्यावर मी फोन मागून घेतला.

"सर, आता पुढच्या वर्षी?"

"आता नाही, साब. तीन वर्षं झाली. पान संपलं."

"असं कसं? खरी नोकरी तर पुढेच लागणार. चार वर्षं करा."

"बाईंचा नियम तीनचा आहे."

"साडेतीन करा. जानेवारीत एकदा विचारा फक्त."

पलीकडे सर हसले. "साब, मेरेको अभी बारा बच्चों को फोन करना है," म्हणाले, आणि ठेवून दिला.