दाव्यासकट दिलेली म्हैस

आमच्या घरात पोरींना दोनच वाटा ठाऊक होत्या, डी.एड. नाहीतर लग्न. मी तिसरीच धरली, तेव्हापासून पाहुण्यारावळ्यांचा एकच सवाल, "वेड्यांच्या दवाखान्यात कावून नोकरी करतीस बाई?" मी हसून विषय बदलते. खरं कारण म्हणजे एक म्हैस, आणि ते चहा संपेपर्यंत सांगून होत नाही.

गेवराईकडचं आमचं गाव. दुष्काळात विहिरीने तळ दाखवला, कडबा संपला आणि काकाने काकूची म्हैस व्यापाऱ्याला दिली. गावात सगळेच विकत होते. पण काकाने घाईत ती दाव्यासकट दिली. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं घरी ठेवतात, ते गेलं तर गोठा पुन्हा भरत नाही म्हणून. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवसापासून काकूने बोलणं टाकलं. पण रोज पहाटे रिकामी किटली घासून दूध सोसायटीच्या रांगेत उभी राहायची आणि नंबर आला की मुकाट्याने परत फिरायची. सोसायटीचे सचिव टोपी काढून डोकं खाजवायचे. घरात आम्ही सगळे शहाणे! आईने गोठा सारवून त्यात सरपण रचलं. म्हशीचा विषय निघाला की मी रेडिओ मोठा करायचे.

लोक हसायला लागले तसा काका खचला. बीडच्या सरकारी दवाखान्यात एकदा दाखवायचं आणि तिथूनच तिला सिरसाळ्याला, माहेरी, कायमचं पोचवायचं, असं त्याने ठरवलं. लुगड्यांची पिशवीही भरली. लहानपणापासून माझ्या वेण्या काकूनेच घातल्या होत्या. मी हट्टाने सोबत गेले.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि शेजारच्या खोलीत समाजसेविकेकडे पाठवलं. मला वाटलं, आता ही बाई उपदेश करणार. तिने काकूच्या मांडीवरच्या किटलीकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, दुधाला फॅट किती लागायची?"

"सातच्या खाली कधी न्हाई," काकू म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. मग तिला रडू फुटलं. "दाव्यासकट दिली वो बाई यांनी. आता माझ्या गोठ्यात काय येतंय?"

काकाने मान खाली घातली.

गोळ्या पुढे बरेच दिवस चालल्या, दवाखान्याच्या फेऱ्याही. एका प्रश्नाने कुणी बरं होत नाही, हे आता मीच लोकांना सांगते. पण एका छपराखाली राहून तो प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता, याची मला लई लाज वाटली. असं विचारायला शिकायचं, हे मी तिथेच ठरवलं.

दुपारी स्टँडवर सिरसाळ्याची गाडी लागली होती. पिशवी माझ्याकडे देऊन काका बाजाराकडे गेला. काकू त्या गाडीकडेच बघत होती. तिला सगळं कळलेलं होतं. काका परतला तो नवं दावं घेऊन. ते त्याने तिच्या मांडीवर ठेवलं, पिशवी उचलली आणि गेवराईच्या गाडीत चढला.

काकूने दावं किटलीत घातलं, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "ऊठ, गाडी भरंल."